सोलापुरात दवाखान्यातून कुत्रा दत्तक घेताय? पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

जनावरांच्या दवाखान्यात कुत्रा सोडून जाणारा माणूस "आम्हाला हा नकोय" असं सहसा म्हणत नाही. "दोन दिवस ठेवा डॉक्टर, गावाला जाऊन येतो" म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. कुणी रात्री शटरच्या कडीला बांधून जातं. कुणी खरंच डोळे पुसत देतं: पोरगं पुण्याला नोकरीला लागलं, मागे राहिले सत्तरीतले आई-वडील आणि पस्तीस किलोंचा लॅब्राडोर. राखणीला आणलेला जर्मन शेफर्ड प्लॉट विकला की उपरा होतो. पिल्लं विकण्यासाठी पाळलेली मादी वय झालं की रस्त्यावर येते. आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या गावात हौसेनं आणलेला बर्फाळ मुलखातला हस्की, त्याच्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

मी अशाच एका दवाखान्यात मदतीला असते. उपचार डॉक्टर करतात. बऱ्या झालेल्या कुत्र्यांना घर शोधणं, न्यायला आलेल्यांशी बोलणं, नंतर फोनवर चौकशी करणं हे आमच्यासारख्यांकडे. पहिल्यांदा येणारे विचारतात, "जात कुठली? वय किती? चावतो का?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण सगळ्यात कामाचा प्रश्न चौथा, आणि तो फार थोडे विचारतात: ह्याला आधीच्या घरानं का सोडलं? कारण घरात असेल, म्हणजे बदली, आजारपण, घरमालकाची कटकट, तर तुमचं काम सोपं आहे. कारण कुत्र्यात असेल, म्हणजे एकटा राहिला की दार कुरतडतो, ताटाजवळ हात गेला की गुरगुरतो, तर ते कारण त्याच्याबरोबर तुमच्या घरी येणार आहे. ते आधी माहीत असलं तर सांभाळता येतं.

आधी घरातलं बोलून घ्या

दवाखान्यात येण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकेकटं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की मुलं नाचतात आणि सासूबाई गप्प बसतात. सकाळी सहाला फिरवायला कोण नेणार, सगळे लग्नाला गेले तर तो कुठं राहणार, शी कोण उचलणार, हे नावानिशी ठरू द्या. "सगळे मिळून करू" याचा अर्थ आईच करणार.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीचं थोडं वेगळं आहे. नुसत्या बहुमताच्या ठरावानं पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे. तरी परिपत्रक हातात धरून भांडायला जाण्यापेक्षा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. पहिले काही दिवस कुत्रा रात्री रडणार आहे, आणि त्या वेळी उपयोगी पडते ती शेजाऱ्यांची मर्जी.

पूर्वी घरात एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून, म्हणजे पार्व्होनं, गेलं असेल तर ते दवाखान्यात सांगा. तो विषाणू फरशीच्या भेगांत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. अशा घरात लसीकरण अर्धवट झालेलं पिल्लू नेणं म्हणजे त्याला मरायला नेणं. तिथं लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा न्यावा. एरवीही पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला मी मोठाच कुत्रा सुचवते. पिल्लू पुढं कसं निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. चार वर्षांचा कुत्रा जसा आहे तसा समोर दिसतो.

हकीकत विचारा, फाईल मागा

आलेल्या प्रत्येक कुत्र्याची फाईल किंवा निदान एक वही असते. ती मागून वाचा. कोणत्या भागातून आला, घरात लहान मुलं होती का, साखळीला बांधलेला असायचा की मोकळा, दुसऱ्या कुत्र्याशी पटतं का. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे हेही विचारा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात वाढलेला किंवा अक्कलकोटकडच्या कानडी घरातून आलेला कुत्रा तुमच्या मराठी हाकेला मान वळवत नाही आणि लोक म्हणतात, "बहिरा आहे की काय!" आधीच्या घरातले चार-पाच शब्द लिहून घ्या, पहिल्या आठवड्यात तेच वापरा. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला कुत्रा जुळे सोलापूरच्या शांत बंगल्यात भेदरतो आणि प्रत्येक बारीक आवाजाला भुंकतो. ती त्याची खोड नव्हे, सवय मोडल्याचा गोंधळ आहे.

सांगोला-पंढरपूर बाजूचे कारवानी जातीचे कुत्रे कधी कधी दवाखान्यात येतात. लांब तोंड, आत गेलेलं पोट. लोकांना वाटतं उपाशी आहे. तो बांधाच तसा असतो. हा पळणारा कुत्रा आहे. मोकळं रान समोर दिसलं की पट्टा हिसकावतो. ज्यांना रोज त्याला कुंपणाच्या आत पळवता येईल त्यांनीच न्यावा. सशामागं सोडायला म्हणून कुणी मागत असेल तर आम्ही देत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती शिकार आहे.

फाईलमध्ये "माहिती नाही" असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं. दाराला बांधून गेलेल्याची हकीकत कोण सांगणार? मग दवाखान्यातल्या मावशींना विचारा. पिंजरे धुणाऱ्या, भांडी ठेवणाऱ्या माणसाला कुत्र्याचा स्वभाव डॉक्टरांपेक्षा जास्त कळतो. कुणाला झाडू दिसला की तो कोपरा धरतो, कुणाला फक्त पुरुषांची भीती वाटते, कोण औषधाची गोळी शिताफीनं गालात लपवतो, हे त्यांना पाठ असतं.

तब्येतीचं नीट समजून घ्या

"आता बरा आहे" एवढ्यावर निघू नका. कशातून बरा झाला ते विचारा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त छळतो तो गोचीड ताप. गोचिडीतून रक्तात शिरणारे एर्लिकिया, बबेसिया यांचे हे आजार. कुत्रा सुस्त पडतो, खात नाही, ताप येतो, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत खायला लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. मग महिन्याभरानं तोच कुत्रा सलाईनवर. गोळ्या चालू असताना कुत्रा घरी नेत असाल तर शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. गोळी रिकाम्या पोटी नको, दुधातूनही नको, जेवणातल्या घासात द्या. आणि गोचिडी फक्त अंगावर नसतात. घरातली तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. अंगावर औषध आणि घरात साफसफाई दोन्ही एकदम केलं तरच सुटका. बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं ओढून साबणाच्या पाण्यात टाका.

खरूज किंवा लूत असेल तर कोणती, ते विचारा. सार्कोप्टिक असेल तर ती दुसऱ्या कुत्र्याला लागते आणि माणसालाही काही दिवस खाज आणते. दुसरी डेमोडेक्सची, तिच्यामुळे केस जातात, दिसतं भयंकर, पण ती माणसाला लागत नाही. बिनकेसाचा कुत्रा बघून लोक चार पावलं मागं सरकतात. वास्तविक डेमोडेक्सचा कुत्रा मांडीवर घेतला तरी काही होत नाही. औषधी शाम्पू लावल्यावर तो दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो, मग भरपूर पाण्यानं धुवावा लागतो. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या शहरात अंघोळ पाण्याच्या दिवशीच धरा, नाहीतर अर्धा शाम्पू अंगावरच राहतो आणि खाज वाढते.

मादीच्या किंवा नराच्या जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येत होतं अशी नोंद दिसली तर तो बहुधा संभोगातून पसरणारा गाठीचा आजार असतो. हा कॅन्सरचाच प्रकार असला तरी दर आठवड्याच्या व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कोर्स पूर्ण झाला की नाही एवढं बघा. डिस्टेंपर या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा आयुष्यभर उडत राहतो. त्याला ते दुखत असेल असं आपल्याला वाटतं, तो मात्र त्याच उडत्या पायानं आनंदात फिरतो.

आता लसी. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि सही हवी. नुसती पेनानं केलेली टिकमार्क म्हणजे लस नव्हे. आणि एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही: रेबीजची लस काल दिली म्हणून कुत्रा आज सुरक्षित होत नाही. संरक्षण तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि आधीच चावा बसलेला असेल तर रेबीजची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. म्हणून मागचं काहीच माहीत नसलेल्या कुत्र्याला आम्ही लगेच देत नाही. "नुसताच पिंजऱ्यात का ठेवलाय?" असं विचारणाऱ्यांना हे त्याचं उत्तर.

नसबंदीवर घासाघीस नको

भाद्रपद सुरू झाला की कुत्री माजावर येतात, दोनेक महिन्यांनी पिल्लं होतात आणि थंडीच्या तोंडावर दवाखान्याच्या दारात खोकी दिसू लागतात. म्हणून वय आणि तब्येत बरी असेल तर नसबंदी करूनच आम्ही कुत्रा देतो. पिल्लू असेल तर पुढची तारीख लिहून घेतो. "एकदा तरी आई होऊ द्यावं हो" हे वाक्य आम्ही खूप ऐकतो. तसं व्हायला हवं असं वैद्यकशास्त्र कुठं म्हणत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्येही पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी धरली आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके सुकायला दहा ते चौदा दिवस जातात. तोवर गळ्यातला प्लास्टिकचा कोन राहू द्या. कीव येऊन काढलात की कुत्रा रात्रीत टाके चाटून उघडतो.

भेट, आणि परत भेट

पहिल्या भेटीत कुत्रा नेऊ नका, आम्हीही देत नाही. घरातले सगळे या, मुलांनाही आणा. त्याच्यावर वाकू नका, डोक्यावरून हात फिरवायला धावू नका. बाजूला उकिडवे बसा, त्याला तुमचा वास घेऊ द्या. दुसऱ्या भेटीत पट्टा धरून त्याला बाहेर एक फेरी मारून आणा. दवाखान्यात भेदरलेला कुत्रा बाहेर गेल्यावर वेगळाच निघतो, आणि आत गरीब वाटणारा कधी कधी रस्त्यावरच्या कुत्र्यांना बघून अंगावर धावतो.

फॉर्मवर पत्ता, ओळखपत्राची प्रत, सही घेतली जाईल. कुणीतरी घर बघायला येईल. यात अपमान वाटून घेऊ नका. गच्चीचा कठडा किती उंच आहे, फाटकाखालून किती फट आहे, एवढंच बघायचं असतं.

गल्लीतलाच एखादा भटका कुत्रा कायमचा घरी घ्यायचा असेल तर वाट थोडी निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येतो. मात्र एकदा घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

न्यायचा दिवस

दिवस निवडताना तीन गोष्टी टाळा: मे महिन्यातली दुपार, दिवाळी, आणि संक्रांतीचा आठवडा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्याचे आवाज पार लांबपर्यंत येतात. त्या रात्री नव्या घरातला कुत्रा भिंत चढून पळतो. पळालेला कुत्रा तुमच्या घराकडे परत येत नाही, कारण ते अजून त्याचं घर झालेलंच नसतं.

ॲक्टिव्हावर पायांमध्ये बसवून नेऊ नका. सरावाचा कुत्रा बसतो, नवा सात रस्त्याच्या सिग्नलला उडी मारतो. रिक्षा करा, दोन माणसं असू द्या. गळपट्टा आणि अंगपट्टा दोन्ही घाला. गळपट्ट्यात दोन बोटं जावीत, तीन नकोत, कारण घाबरलेला कुत्रा मागं सरकत सैल पट्ट्यातून डोकं काढून घेतो. पट्ट्याला तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला त्याच दिवशी लावा. "उद्या करून घेऊ" म्हटलेले बिल्ले नेमके कुत्रा हरवल्यावर आठवतात.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

कुत्र्यांना घर देणाऱ्यांत हा ठोकताळा सगळीकडे चालतो. पहिले तीन दिवस तो भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, खरा स्वभाव दिसायला तीन महिने लागतात. पहिल्या तीन दिवसांत काहीही करू नका. अंघोळ नको, नातेवाईक नकोत, स्टेटसला फोटो टाकून गल्ली गोळा करू नका. नवी नवरी पहिल्या दिवशी सासरी बसते तसा तो एका कोपऱ्यात बसेल. बसू द्या. एक पोतं किंवा जुनी सोलापुरी चादर, पाण्याचं जड भांडं आणि आडोसा एवढं पुरे. पहिला दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका. मोठ्या कुत्र्यानं दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही किंवा पाणीसुद्धा पीत नसेल तर फोन करा. पिल्लाच्या बाबतीत एवढी वाट बघायची नाही, दोन वेळचं चुकलं की लगेच.

शी-शूसाठी उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर बाहेर न्या, बाहेर केलं की तिथल्या तिथं खाऊ द्या. घरात केलं तर गुपचूप पुसा. नाक घासून मारल्यानं तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायचं नाही, मग पलंगाखाली करतो.

एकटं राहण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. आठ दिवस रजा काढून त्याच्या उशाशी बसायचं आणि नवव्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री आठ कुलूप लावायचं, हे लोक फार प्रेमानं करतात आणि त्यातूनच दारं कुरतडली जातात. आधी दोन मिनिटं बाहेर जा, मग दहा, मग अर्धा तास. जाताना निरोप नको, येताना गळाभेट नको.

गुरगुरला तर त्याला मारू नका. तो "पुढं येऊ नको" असं सांगतोय. हे सांगणं मारून बंद केलं की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. मुलांना एवढं शिकवा: जेवताना, झोपलेला असताना आणि कोपऱ्यात गेलेला असताना त्याच्या जवळ जायचं नाही.

ऊन आणि खाणं

डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथं टेकवू नका. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री उशिरा फिरवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जीभ लोंबतेय, लाळ घट्ट झालीय, चाल डुगडुगतेय असं दिसलं की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसेच दवाखाना गाठा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना ही वेळ फार लवकर येते.

ज्वारीची भाकरी चालते, पण नुसती भाकरी-दूध म्हणजे कुत्र्याचं पोट भरतं, अंग भरत नाही. सोबत अंडं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन द्या. शेंगाचटणी नको, त्यात लसूण आणि तिखट. कांदाही नको. द्राक्षं आणि मनुके तर अजिबात नकोत. त्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी वाटीत पडलेले असतात. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. उपाशी राहून खंगलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी पोटभर जेवण घालू नका, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. खंगलेल्या शरीरावर एकदम अन्नाचा मारा झाला तर तो जिवावर बेतू शकतो. आपल्या घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नका.

चावला तर

कुत्रा घरचा असो, लस झालेली असो, तरीही: जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथं लस मोफत मिळते. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, त्याला कुठं सोडून देऊ नका. दवाखान्यात नियमित मदतीला यायचा विचार असेल तर चावा बसण्याआधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवा.

नाहीच जमलं तर

परत आणा. आम्ही रागावत नाही, खरंच. राग येतो तो शहराबाहेर नेऊन सोडणाऱ्यांचा. होटगीकडे, नान्नजच्या माळावर गाडीतून उतरवलेला पाळीव कुत्रा बहुतेक वेळा भुकेनं किंवा गाडीखाली मरतो. जे जगतात ते टोळीत मिसळतात आणि माळढोक अभयारण्याच्या त्या रानात काळविटाची पाडसं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्यांच्या तावडीत सापडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा परिस्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. कायदा तेव्हाचा, रुपयाही तेव्हाचाच राहिलाय.

आणायच्या आधी एक फोन करा, म्हणजे पिंजरा रिकामा करता येतो. फाईल, लसीचं कार्ड, उरलेली औषधं, त्याची चादर सोबत आणा. आणि नेमकं काय झालं ते लिहून आणा: किती वाजता, कोण जवळ होतं, आधी काय घडलं. "स्वभाव चांगला नाही" असं लिहू नका. "रात्री धाकटा त्याच्या चादरीवर पाय देऊन गेला आणि कुत्रा त्याच्या पोटरीला चावला" असं लिहा. पुढचं घर शोधताना आम्हाला तेच लागतं.